शनीहून परतीचा सौदा

समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा खरा नसतो, हे मी पाटी-पेन्सिल हातात धरायच्या आधी शिकले. माझे आबा बैलांचे हेडी होते. एका बाजारात जोडी घ्यायची, दुसऱ्या बाजारात विकायची, हा त्यांचा धंदा. सुट्टी असली की ते मला एसटीनं मानवतच्या बाजाराला न्यायचे. तिथं सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहत, आबा खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकत आणि त्या रुमालाखाली बोटं दाबून भाव चाले. चार बोटं धरली की चार, पंजा धरला की पाच, चेहरे मात्र अगदी कोरे. विकणारा वाढवून धरणार, घेणारा कापणार, हे दोघांनाही ठाऊक असे आणि त्यात कोणाला फसवल्यासारखं वाटत नसे. नेम एकच होता. एखाद्यानं रुमाल बाजूला सारून चारचौघांत तोंडानं आकडा सांगितला, तर तो शेवटचा. घ्यायचं तर घ्या, नाहीतर दाव्याला हात लावू नका. आबा म्हणत, "रुमाल काढून बोलला की मानूस खरं बोलला, सुने. तिथं कापायचं न्हाई." हे एवढं सांगते आहे, कारण याच नेमापायी माझी एक मैत्रीण दुरावली आणि तीन जीव शनीभोवती अडकून पडले. दोष माझ्या एकटीचा होता, हे मी आजही मान्य करत नाही.

घरात कॉम्प्युटर आला तोही सौद्यानंच. बारावीची परीक्षा झाली होती. परभणीतला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडत होता आणि मालक सहा जुने सेट एकेक करून विकायला बसला होता. मी म्हणाले, सहाही घेते, पण पाचांच्या भावात. पाच गिऱ्हाइकं मी आधीच बांधून ठेवली होती, त्यांच्याकडून विसारही घेतला होता. मालक आबांकडे बघून म्हणाला, "मामा, पोरगी लय पुढची हाय." आबा म्हणाले, "माझ्याकडं काय बगायलास? सौदा तिचा हाय." पाच सेट गिऱ्हाइकांकडे गेले आणि सहावा पिंगळीच्या आमच्या घरात, ज्वारीच्या पोत्यांशेजारी, माझ्या मालकीचा होऊन बसला. आज परभणीत माझं जुन्या ट्रॅक्टरांचं आणि मळणीयंत्रांचं दुकान आहे. लोक विचारतात, बाई माणूस ह्या धंद्यात कशी? मी त्यांना त्या सहाव्या सेटचं सांगते. त्या सेटमध्ये काय निघालं, ते मात्र सांगत नाही.

त्यात क्लासच्या कुणा विद्यार्थ्यानं टाकलेला एक खेळ होता. अंतराळयान चालवायचा. त्यात मारामारी नव्हती, गुण नव्हते, कोणी शाबासकीही देत नसे. सूर्यमाला खरी, अंतरं खरी, प्रत्येक ग्रहाची ओढ खरी. यान आपण जोडायचं, इंधन आपण भरायचं, माणसं आपण बसवायची. चूक झाली तर स्फोटसुद्धा होत नसे. यान नुसतं चुकीच्या वाटेनं जात राही, वर्षानुवर्षं. पहिले पंधरा दिवस माझं एकही यान धड पृथ्वीभोवती फिरलं नाही. मी की-बोर्डवर मूठ आपटायची आणि मग निसटलेलं बटण शोधत पोत्यांखाली हात घालत बसायची.

मग प्रज्ञा आली. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. आमच्या घरापासून दोनशे पावलांवर स्टेशन आणि स्टेशनला लागून त्यांचं क्वार्टर. त्या क्वार्टरात देव्हाऱ्याच्या जागी पुस्तकांची फळी होती. प्रज्ञा माझ्याच वर्गातली, पण गणितात माझ्या चार कोस पुढं. ती दारात उभी राहून माझं यान समुद्रात पडताना बघत होती. म्हणाली, "आधी हिशेब तरी करायचास गं. गाडी सुटायच्या आधी रूळ बगावं लागतेत." दुसऱ्या दिवशी ती शंभर पानी वही घेऊन आली. त्यानंतर रोज दुपारी आमचं दुकान लागायचं. माय परातीत भाकरी थापायची, बाहेर चांदी म्हैस रवंथ करायची, मालगाडी गेली की पडदा थरथरायचा आणि आम्ही दोघी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसून चंद्राकडे निघालेल्या असायचो. माय मुरमुरे भिजवून सुशीला करायची, वर कच्चा कांदा. एका ताटातून खाताखाता प्रज्ञा वहीत आकडे मांडायची. तिच्या वहीला हळदीचा वास लागलेला असे.

कामाची वाटणी ठरली. आकडेमोड तिची, यान चालवणं माझं. आणि इंधन किती भरायचं, याचा सौदा. हो, सौदाच. ती इतके टन म्हणाली की मला ते वाढीव वाटायचं, कारण आकडा सांगणारा प्रत्येक माणूस वाढवूनच सांगतो. इंधन कमी तर वजन कमी, वजन कमी तर दुसरं काही नेता येतं. मग फुकट कशाला न्यायचं? पहिल्यांदा भांडण झालं. मग गमतीनं मी आबांचा रुमाल आमच्या हातांवर टाकला. तिनं बोटं दाबली, मी चौथा हिस्सा कमी करून दाबली, तिनं तोंड वाकडं केलं आणि मान्य केलं. चंद्रावर गेलो, परत आलो. मंगळाभोवती फिरून आलो. दरवेळी मी चौथाई कापायची आणि दरवेळी यान घरी यायचं, टाकी जवळजवळ कोरडी करून. मी मनात म्हणायची, बघा, माझाच अंदाज खरा.

शनीची कल्पना माझी. त्या कड्यांचं चित्र पडद्यावर पहिल्यांदा दिसलं आणि मी तिथं माणसं न्यायचं ठरवलं. मायला कळल्यावर तिनं पीठ लागलेला हात कपाळाला लावला. "दुसरीकडं कुटं जायला जागा न्हाई का? लोक तेल घालतेत त्यानं येऊ नाई म्हनून, आन ह्या पोरी आपल्या पायानं निघाल्यात." प्रज्ञा म्हणाली, "मावशी, तो नुसता गोळा हाय, वायूचा. त्याला कोनाचं काय पडलं न्हाई." माय म्हणाली, "मग मलाबी घ्या की. मी पूर्णेच्या पुढं कुटं गेले न्हाई." म्हणून पहिली जागा मायची. दुसरी भाऊंची, कारण बिघाड झाला तर हाताला काम असलेला माणूस हवा. तिसऱ्या जागेवरून आमचं दोघींचं वाजलं. तिला वाटे ती, मला वाटे मी. शेवटी कोणीच नको म्हणून मी चांदीचं नाव टाकलं. खेळाला काय, नाव टाकलं की झालं. मायला हे पटलं. सात वर्षं जायला लागणार, म्हणजे दुधाची सोय पाहिजेच.

त्याच सुमारास भाऊंच्या बदलीचा कागद आला. शाळा उघडायच्या आत पूर्णेला हजर व्हायचं. प्रज्ञानं एवढंच विचारलं, "त्याच्या आत येतेल ना हे परत?" मी म्हणाले, येतील. मोहीम सुरू करताना मी तिला दिलेला शब्द तो. आम्ही दोघींनी मिळून त्यांना घरी उतरवायचं आणि मग तिनं गाडीत बसायचं.

आता मी काय केलं ते सांगते. प्रज्ञाचा बेत टायटनचा होता. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र, त्याला हवा आहे, छत्री उघडून उतरता येतं. पण मला तिथंच एन्सेलाडस दिसत होता. पांढराशुभ्र बर्फाचा लहानसा चंद्र, अंगातून फवारे उडतात. मी म्हणाले, एवढं लांब जायचं आणि एकच चंद्र करून यायचं? एका फेरीत दोन करू. प्रज्ञा म्हणाली, "तो शनीच्या लय जवळ हाय. तिथून वर निघायला जड जातंय."

"एवढासा तर हाय. आपलं यान टाचेवर उतरंल तिथं."

"जनावर लहान हाय, पन बाजार लांब हाय, सुने."

मला राग आला, कारण ती माझ्याच भाषेत मला उत्तर द्यायला शिकली होती. तरी तिनं दोन दिवस बसून नवा हिशेब केला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. माझ्या डोळ्यांपुढं आजही ते जसंच्या तसं आहे: माय भांडी घासत होती, आबांचा रुमाल नुकताच धुऊन अंगणातल्या तारेवर टाकला होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. प्रज्ञा वही न उघडता म्हणाली, "दोन्ही चंद्र होतेत. परतीला चाळीस टन. उतरायच्या यानाला उरलेलं." बस्. हात पुढं केला नाही. मला वाटलं, रुमाल ओला आहे म्हणून. कोणालाही तेच वाटलं असतं. मी मान हलवली, ती घरी सामान बांधायला गेली आणि मी परतीच्या टाकीत तीस टन भरले. राहिलेले दहा उतरायच्या यानाला दिले, म्हणजे एन्सेलाडसवर ऐसपैस उतरता येईल.

सात वर्षांचा प्रवास आम्ही काही दुपारींत केला. खेळात काळ पळवता येत असे. लाईट मात्र पळवता येत नसे. भारनियमनाची वेळ ठरलेली होती, पण ती पाळायची सक्ती वीजवाल्यांना नव्हती. गुरू ग्रहाच्या जवळून झोका घेऊन यान पुढं टाकायचं होतं आणि नेमक्या त्या वळणावर लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी खुर्ची उचलून अंगणात फेकली आणि चांदी दावं तोडून पळाली. तिला धरून आणेपर्यंत संध्याकाळ झाली. प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "इकडं म्हैस पळाली, पन तिकडं हाय बग जागच्या जागी." रोज भाकरी टाकताना माय विचारायची, "कुटवर आले मी?" मी सांगायची, गुरू ओलांडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "कुटवर आले?"

आणि पोचलो. टायटनच्या नारिंगी हवेत छत्री उघडली तेव्हा आम्ही दोघी खुर्चीवरून उठून उभ्या राहिलो होतो. मायला ओल्या हातानं ओढत आणलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "धुराळा लय हाय." एन्सेलाडसवर उतरलो तेव्हा काळ्या आभाळात शनी अर्धा पडदा भरून होता. प्रज्ञानं भाऊंना बोलावून आणलं. भाऊ ड्युटीवरून तसेच आले होते, हातात पाना. बघून म्हणाले, "मी तिथं काय करायलो?" प्रज्ञा म्हणाली, "बोल्ट आवळायलाव." ती त्या महिन्यातली सगळ्यात चांगली दुपार. तिथंच थांबायला हवं होतं, पण परत यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी परतीचं इंजिन पेटवलं. प्रज्ञा वहीवर बोट ठेवून मिनिटं मोजत होती. तिच्या हिशेबाच्या बरीच आधी इंजिन बंद पडलं. पडद्यावर यानाची वाट शनीपासून लांब गेली, लांब गेली आणि वळून पुन्हा शनीकडेच आली. लांबट अंड्यासारखा फेरा. प्रज्ञानं इंधनाचा आकडा बघितला.

"तीसच भरलतंस?"

"चाळीस तू म्हनलीस. चौथाई कापली. नेहमीसारखी."

"मी रुमालाखाली सांगितलं का?"

"रुमाल वल्ला होता. तारेवर होता."

"कोरडा असता तरी मी हात घातला नसता. उघड बोलले मी. तुज्याच आबाचा नेम हाय."

"मग हा शेवटचा आकडा, असं म्हनायला तोंड दुखायलं होतं का?"

तिनं वहीवरचं बोट उचललं. मग म्हणाली, "सुने, आजवर दरवेळी मी तुला तिसरा हिस्सा वाढवून सांगत आले. तू चौथाई कापशील हे धरून. चंद्राला, मंगळाला, सगळीकडं. ह्या वेळेला वाढवायला जागाच नव्हती. यान चाळीसच्या वर उचलत न्हाई. आन माझा बाप बसलाय त्यात, म्हनून खरं बोलले."

मला जे लागलं ते यान अडकल्याचं नव्हतं. इतके दिवस मी जे सौदे जिंकले, ते तिनं मला जिंकू दिले होते. लहान मुलाला चढाओढीत पुढं जाऊ द्यावं तसे. मी तिला नको ते बोलले. इथं लिहीत नाही. मायनं भाकरी थापायची थांबवली एवढं सांगितलं तरी पुरे. प्रज्ञानं वही उचलली, पेनाला टोपण लावलं आणि गेली. तिनं मला चिडून एखादा शब्द सुनावला असता, तर भांडण चार दिवसांत मिटलं असतं, असं मला वाटतं. ती चिडली नाही, हाच माझा राग.

प्रज्ञाच्या घरचे पूर्णेला गेले त्या दिवशी मायनं धपाटे केले, लोणच्याची बरणी भरली आणि स्टेशनवर गेली. मी कॉम्प्युटरपुढून उठले नाही. पॅसेंजरची शिट्टी ऐकली, डबे हलल्याचा आवाज ऐकला. माय परत आली आणि म्हणाली, "सुनी कुटंय म्हनून इचारत होती. म्या सांगितलं, आमाला आनायला बसलीय. लंबर दिलाय तिच्या शेजारचा. फोन कर म्हनली." चिठ्ठी तिनं पोत्यावर ठेवली. मी चिठ्ठीकडे बघितलंही नाही. पुढं ती उंदरांनी खाल्ली.

त्यानंतरचा महिना आठवला तरी माझं डोकं तापतं. उतरायचं यान सोडून दिलं, वजन कमी झालं. तरी यान वळून परत. रिकाम्या टाक्या सोडल्या, परत. इंजिन आधी पेटवून बघितलं, नंतर पेटवून बघितलं, उलट्या दिशेनंही पेटवलं आणि एकदा तिघांनाही थेट शनीत घातलं. चाळीस टन भरून पहिल्यापासून निघता आलं असतं, पण मग चूक माझी ठरली असती. रोज दुपारी जुनी फाइल उघडायची आणि रोज त्याच जागी इंजिन खोकल्यासारखं करून थांबायचं. मी आयुष्यात भल्याभल्यांना खाली आणलं आहे. मळणीयंत्राचा मालक दारातून उठून जातो आणि एसटी स्टँडवरून परत येतो, हे मी कितीदा पाहिलं आहे. पण तो ग्रह एक किलोसुद्धा खाली आला नाही. त्याला घाई नव्हती, गरज नव्हती, पुढचं गिऱ्हाईकही नको होतं. अशा विक्रेत्याशी कसं बोलायचं, हे आबांनी मला शिकवलं नव्हतं. तोडगा असेल तर तो प्रज्ञाच्या वहीत असणार, हे मला तेव्हाही कळत होतं. पूर्णा पॅसेंजरनं पाऊण तासावर. मी गेले नाही. चूक तिचीही होती. मीच का जायचं?

मग धंदा वाढला, आम्ही परभणीला आलो, आबा थकले, चांदी गेली. कॉम्प्युटर बदलत गेले. ती फाइल मात्र मी प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत आले, का ते विचारू नका. माय घरी आलेल्या पाहुण्यांना अजून सांगते, "मला शनीला सोडून आली ही." पाहुण्यांना वाटतं, म्हातारपणी असं होतं.

मागच्या लग्नसराईत पूर्णेला एका व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. पंगत उठली होती, आबांच्या नावानं मिळालेला आहेराचा टॉवेल मांडीवर घेऊन मी मंडपात बसले होते. शेजारच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसली. केस पुढून पांढरे. मी ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं. ती कॉलेजात गणित शिकवते, हे मला कोणीतरी कधीच सांगितलं होतं.

तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हणाली, "आले का ते तिघं?"

"न्हाई."

"भाऊ अजून इचारतेत. रिटायर झालेत, दुसरं काम न्हाई."

"मायबी."

"टायटनच्या जवळून पुन्हा पुन्हा न्यायचं होतं," ती म्हणाली. "दरवेळी तो थोडा वेग देतो. इंधनाची गरज लय पडत न्हाई. मी तिकडं गेल्यावर आठ दिवसांत सगळं काढून ठेवलं होतं. तुझ्या फोनची वाट बगितली."

"तू सांगायचंस."

"तू इचारायचंस."

मंडपवाले खुर्च्या उचलायला लागले होते. एव्हाना यान शनीला जाऊन, परत येऊन, वर पुन्हा निघालं असतं, एवढा काळ गेला होता. मी समोर बघत विचारलं, "किती वेळा न्यायचं?"

तिनं माझ्या मांडीवरचा टॉवेल उचलला. त्याचं प्लॅस्टिक काढलं, घडी मोडली, माझ्या हाताला लावून दाखवला. "कोरडा हाय ना?" मग तो पलीकडच्या खुर्चीवर ठेवला आणि मंडपवाल्यानं वळून बघावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "पाच."

मी चार म्हणाले नाही.

दुकान बंद असतं त्या दुपारी आता मी बसते. चौथा फेरा काल झाला. आकडे बघितले तर एवढ्यावरच यान सुटेल असं वाटत होतं. पाचवा वाढीव आहे, याची मला जवळजवळ खात्री होती. तसंच घराकडे वळवायला हात माऊसवर गेलाही होता. मी तो उचलून मांडीवर ठेवला.

मागून माय म्हणाली, "कुटवर आले?"

"एक फेरा राहिला," मी म्हणाले.